अनेक क्युबिट, एंटँगलमेंट आणि क्वांटम गेट

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) कुलाबा येथील आवारात तयार झालेल्या सहा क्युबिटच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. टीआयएफआर, डीआरडीओची पुण्यातील क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळा आणि टीसीएस असे तिघे या प्रकल्पात होते. बातमी वाचून अनेकांना प्रश्न पडला: खिशातल्या मोबाइलच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, मग सहा क्युबिटचे एवढे काय?

या प्रश्नाचे उत्तर एका क्युबिटकडे पाहून मिळत नाही. एकापेक्षा जास्त क्युबिट एकत्र आले की काय होते, त्यांच्यात एंटँगलमेंट कसे निर्माण होते आणि ते टिकवणे एवढे कठीण का असते, हे या लेखात पाहू. त्यासाठी शाळेतला गुणाकार आणि वर्ग एवढे गणित पुरेसे आहे.

एका क्युबिटची उजळणी

साध्या संगणकातला बिट ० तरी असतो किंवा १ तरी. क्युबिटची अवस्था मात्र दोन आकड्यांनी सांगावी लागते: एक ० साठी, एक १ साठी. या आकड्यांना अँप्लिट्यूड म्हणतात. क्युबिट मोजला की उत्तर ० किंवा १ यांपैकी एकच येते आणि ते येण्याची शक्यता म्हणजे त्या अँप्लिट्यूडचा वर्ग. समजा, अँप्लिट्यूड ०.६ आणि ०.८ आहेत. मग ० येण्याची शक्यता ०.३६, म्हणजे ३६ टक्के, आणि १ येण्याची ६४ टक्के. बेरीज नेहमी १०० टक्के. मोजल्यानंतर जे उत्तर आले, त्याच अवस्थेत क्युबिट राहतो, आधीचे ०.६ आणि ०.८ पुन्हा मिळवता येत नाहीत.

उडवलेल्या नाण्याची शक्यताही अशीच सांगतात, मग फरक काय? फरक असा की अँप्लिट्यूड ऋण असू शकते, संमिश्र संख्याही असू शकते. त्यामुळे दोन अँप्लिट्यूड एकमेकांत मिळून वाढू शकतात किंवा एकमेकांना पूर्ण खोडू शकतात. नाण्याच्या शक्यता एकमेकांना कधीच खोडत नाहीत.

दोन क्युबिट, चार आकडे

दोन क्युबिट मोजले तर चार उत्तरे संभवतात: ००, ०१, १० आणि ११. म्हणून दोन क्युबिटची अवस्था सांगायला चार अँप्लिट्यूड लागतात. त्यांच्या वर्गांची बेरीज पुन्हा १.

आता समजा, दोन्ही क्युबिट एकमेकांशी संबंध नसलेले आहेत. पहिल्याचे आकडे क आणि ख, दुसऱ्याचे ग आणि घ. मग चार अँप्लिट्यूड साध्या गुणाकाराने मिळतात:

• ०० साठी क × ग
• ०१ साठी क × घ
• १० साठी ख × ग
• ११ साठी ख × घ

यातून एक उपयोगी कसोटी निघते. ०० आणि ११ यांच्या अँप्लिट्यूडचा गुणाकार केला तर क, ख, ग, घ असे चारही आकडे येतात. ०१ आणि १० यांचा गुणाकार केला तरी तेच चार आकडे येतात. म्हणजे क्युबिट सुटे असतील, तर हे दोन गुणाकार सारखे असलेच पाहिजेत. उलट दिशेनेही हे खरे आहे: गुणाकार सारखे आले, तर अवस्था दोन सुट्या क्युबिटमध्ये वेगळी करता येते.

गुणाकार सारखे नसतील तर? मग चार आकड्यांची ती अवस्था ‘पहिला क्युबिट असा, दुसरा तसा’ अशी वेगवेगळी सांगताच येत नाही. जोडीची अवस्था नेमकी ठाऊक असते, पण जोडीतल्या एकेकाची स्वतःची अशी नेमकी अवस्था नसते. यालाच एंटँगलमेंट म्हणतात. हा शब्द एर्विन श्रोडिंगर यांनी १९३५ साली रूढ केला. त्याच वर्षी आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी याच गोष्टीवर बोट ठेवून पुंजयामिकी अपुरी असल्याचा मुद्दा मांडला होता.

आकडे कसे वाढत जातात

क्युबिट सुटे असते, तर प्रत्येकाचे दोन आकडे लिहून काम भागले असते: सहा क्युबिटसाठी १२ आकडे. पण एंटँगलमेंटमुळे सगळ्या उत्तरांचे आकडे एकत्र ठेवावे लागतात. एक क्युबिट वाढला की आकडे दुप्पट होतात:

• ३ क्युबिट: ८ आकडे
• ६ क्युबिट: ६४ आकडे
• १० क्युबिट: १,०२४ आकडे
• ३० क्युबिट: सुमारे १०७ कोटी आकडे
• ५० क्युबिट: १ वर १५ शून्ये, याहूनही थोडे जास्त

एका अँप्लिट्यूडसाठी १६ बाइट जागा धरली, तर ३० क्युबिटना सुमारे १७ गिगाबाइट लागतात. चांगल्या लॅपटॉपमध्ये एवढी मेमरी असते. ४० क्युबिटना सुमारे १७.६ टेराबाइट आणि ५० क्युबिटना सुमारे १८ हजार टेराबाइट लागतील. ३०० क्युबिटच्या सर्वसाधारण अवस्थेला लागणारे आकडे तर दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजे संख्येपेक्षाही जास्त होतात.

म्हणजेच ‘सहा’ हा आकडा साध्या बिटसारखा मोजायचा नसतो. पण दुसरी बाजूही पाहायला हवी: ६४ आकड्यांचा हिशेब कोणताही लॅपटॉप क्षणात करतो. सहा क्युबिटचा प्रोसेसर साध्या संगणकाला मागे टाकायला बनवलेला नाही. क्युबिट घडवणे, ते एकमेकांना जोडणे आणि त्यांच्यावर ताबा ठेवणे हे सगळे इथेच करता येते का, याची ती परीक्षा आहे.

गेट म्हणजे काय

क्युबिटची अवस्था ठरवून बदलणाऱ्या क्रियेला गेट म्हणतात. साध्या संगणकात गेट म्हणजे चिपवरचा एक भाग असतो आणि बिट त्यातून जातात. टीआयएफआरमध्ये वापरतात तशा अतिसंवाहक क्युबिटमध्ये मात्र क्युबिट जागेवरच राहतो. त्याच्यावर ठरावीक कंप्रतेचा आणि ठरावीक वेळेचा मायक्रोवेव्ह स्पंद सोडला जातो. हा स्पंद हेच गेट. त्याचा कालावधी साधारणपणे काही दशक नॅनोसेकंद असतो. हे सगळे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर, एका केल्व्हिनच्या शंभराव्या भागाइतक्या तापमानाला चालते.

प्रत्येक क्वांटम गेट उलटे फिरवता येते. आउटपुटवरून इनपुट नेमके काय होते ते सांगता आलेच पाहिजे. मापन मात्र उलटे फिरवता येत नाही, म्हणून ते गेटमध्ये धरत नाहीत.

एका क्युबिटवरची तीन गेट नेहमी भेटतात:

• एक्स गेट: ० चा १ आणि १ चा ० करते.
• झेड गेट: ० ला हात लावत नाही, १ च्या अँप्लिट्यूडचे चिन्ह बदलते. लगेच मोजले तर काहीच फरक दिसत नाही. परिणाम दिसतो तो पुढच्या गेटनंतर.
• एच गेट (हॅडामार्ड): ० ला दोन्ही अँप्लिट्यूड ०.७०७ असलेल्या अवस्थेत नेते, म्हणजे ५०-५० टक्के. १ लाही तसेच करते, फक्त १ चे अँप्लिट्यूड ऋण होते.

ही गेट कितीही वेळा वापरली तरी सुटे क्युबिट सुटेच राहतात. एंटँगलमेंटसाठी दोन क्युबिटना एकत्र हाताळणारे गेट लागते. त्यातले सर्वांत परिचित म्हणजे सी-नॉट. त्यात एक क्युबिट नियंत्रक आणि दुसरा लक्ष्य असतो. नियंत्रक १ असेल तरच लक्ष्य उलटते. म्हणजे ०० आणि ०१ तसेच राहतात, १० चे ११ होते आणि ११ चे १०.

दोन क्युबिटचे प्रत्येक गेट एंटँगलमेंट घडवतेच असे नाही. स्वॅप गेट दोन क्युबिटच्या अवस्थांची फक्त अदलाबदल करते. सुटे क्युबिट त्यानंतरही सुटेच असतात.

दोन गेटमध्ये एंटँगलमेंट

आता प्रत्यक्ष कृती पाहू. सुरुवात ०० पासून.

पहिली पायरी: पहिल्या क्युबिटवर एच गेट. आता ०० चे अँप्लिट्यूड ०.७०७, १० चे ०.७०७, बाकीची शून्य. कसोटी लावू: ०० × ११ = ०.७०७ × ० = ०. आणि ०१ × १० = ० × ०.७०७ = ०. दोन्ही सारखे, म्हणजे क्युबिट अजून सुटेच आहेत.

दुसरी पायरी: पहिला नियंत्रक आणि दुसरा लक्ष्य धरून सी-नॉट. १० चे ११ झाले. आता ०० चे ०.७०७, ११ चे ०.७०७, बाकीची शून्य. कसोटी: ०० × ११ = ०.५. आणि ०१ × १० = ०. गुणाकार सारखे नाहीत. एंटँगलमेंट तयार झाले.

या अवस्थेला बेल अवस्था म्हणतात. पहिला क्युबिट मोजला तर ० किंवा १, अर्धी-अर्धी शक्यता. पण दुसरा मोजला की त्याचे उत्तर दरवेळी पहिल्यासारखेच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. नियंत्रक निव्वळ ० किंवा १ असेल आणि लक्ष्य ० असेल, तर सी-नॉट नियंत्रकाची नक्कल काढतो असे वाटते. नियंत्रक दोन्हींच्या मिश्र अवस्थेत असेल तर मात्र नक्कल निघत नाही, दोघे एकमेकांत गुंततात. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल काढता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झाले आहे.

चपलांच्या जोडापेक्षा वेगळे काय?

यावर कुणी म्हणेल, यात नवल ते काय? चपलांच्या जोडातली एक खोक्यात घालून हिंगण्याला पाठवली आणि दुसरी कुलाब्याला. हिंगण्याच्या माणसाने खोके उघडले, आत डावी दिसली, की कुलाब्यात उजवी आहे हे त्याला तत्काळ कळते. कोणती कुठे, हे आधीच ठरलेले होते.

एंटँगलमेंट असे नाही, हे जॉन बेल यांनी १९६४ साली दाखवलेल्या मार्गाने तपासता येते. त्याचे सोपे रूप म्हणजे पुढचा खेळ.

एक खेळाडू हिंगण्यात, दुसरा कुलाब्यात. मधले अंतर सुमारे ७०० किलोमीटर. प्रकाशालाही तेवढे जायला दोन मिलिसेकंदांहून जास्त लागतात. पंच दोघांना एकाच वेळी पांढरी किंवा पिवळी चिठ्ठी देतो. कोणाला कोणती, हे नाणे उडवून ठरते. दोघांनी एकमेकांशी न बोलता लगेच ० किंवा १ असे उत्तर द्यायचे. दोघांनाही पिवळी आली असेल, तर उत्तरे वेगळी हवीत. बाकी तिन्ही वेळा उत्तरे सारखी हवीत.

खेळाआधी दोघांनी हवे ते ठरवून घ्यावे. ‘काहीही आले तरी दोघांनी ० म्हणायचे’ असे ठरवले, तर चारपैकी तीन वेळा जिंकता येते, म्हणजे ७५ टक्के. आधी ठरवलेल्या कोणत्याही युक्तीने, कितीही लांबलचक यादी बनवली तरी, सरासरी याच्या वर जात नाही. चपलांची जोडी इथे थांबते.

पण प्रत्येकाकडे बेल अवस्थेतला एक क्युबिट असेल आणि चिठ्ठीच्या रंगानुसार तो कोणत्या कोनात मोजायचा हे ठरवले असेल, तर जिंकण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत जाते. क्युबिटची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असती, तर हे शक्यच नव्हते. अशा प्रकारचे प्रयोग गेल्या पन्नासेक वर्षांत अनेकदा झाले आणि निकाल पुंजयामिकीच्या बाजूनेच लागले. त्या कामासाठी जॉन क्लॉसर, अॅलन अॅस्पे आणि अँटोन झायलिंगर यांना २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही यातून निरोप पाठवता येत नाही. हिंगण्याच्या खेळाडूला आपल्या क्युबिटमधून ० आणि १ अर्धे-अर्धेच मिळतात, कुलाब्यात काहीही केले तरी. संबंध दिसतो तो दोघांच्या नोंदी फोन करून किंवा भेटून ताडून पाहिल्यावर. प्रकाशापेक्षा वेगाने संदेश जातो, हा समज म्हणून चुकीचा आहे.

तीन क्युबिट: गुंत्याचे दोन प्रकार

तीन क्युबिटमध्ये गुंताही एकाच प्रकारचा राहत नाही. दोन अवस्था यासाठी प्रसिद्ध आहेत. जीएचझेड अवस्थेत ००० आणि १११ एवढेच असतात. तीनपैकी एक क्युबिट हरवला, तर उरलेल्या दोघांत एंटँगलमेंट मुळीच उरत नाही. डब्ल्यू अवस्थेत ००१, ०१० आणि १०० अशी तीन उत्तरे असतात. तिथे एक क्युबिट हरवला तरी उरलेल्या दोघांत काही एंटँगलमेंट टिकते.

तीन क्युबिटचे महत्त्वाचे गेट म्हणजे टोफोली. पहिले दोन क्युबिट १ असतील तरच तिसरा उलटतो. एका क्युबिटची गेट आणि सी-नॉट यांच्या जोडणीतून कोणतेही क्वांटम गेट घडवता येते, तसे टोफोलीही येते. पण त्यासाठी किमान सहा सी-नॉट लागतात. एक सी-नॉट ९९ टक्के बरोबर होत असेल, तर सहा लागोपाठ बरोबर होण्याची शक्यता ९४ टक्क्यांवर येते. अशी शंभर गेट लावली, तर सगळे बरोबर होण्याची शक्यता उरते अवघी ३७ टक्के. एका गेटची अचूकता ९९.९ टक्क्यांवर नेली, तर तीच शक्यता ९० टक्क्यांच्या पुढे जाते. क्वांटम संगणकाची खरी लढाई या दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांची आहे.

कुलाब्यात काय केले

टीआयएफआरमध्ये प्रा. आर. विजयराघवन यांच्या गटाने याच अडचणीवर एक वेगळी वाट शोधली. त्यांच्या ‘ट्रायमॉन’ या रचनेत चार जोसेफसन संधी एका कड्यात जोडलेल्या असतात. या एकाच मंडलात तीन वेगवेगळ्या प्रकारची कंपने होतात आणि प्रत्येक कंपन एकेका क्युबिटचे काम करते.

तिन्ही क्युबिट एकमेकांशी घट्ट जोडलेले असल्याने एका क्युबिटची कंप्रता बाकीचे दोघे कोणत्या अवस्थेत आहेत त्यावर बदलते. बाकीच्या दोघांच्या अवस्था चार: ००, ०१, १०, ११. म्हणून प्रत्येक क्युबिटच्या कंप्रताही चार. यांपैकी ११ साठीची कंप्रता निवडून स्पंद सोडला, की क्युबिट तेव्हाच उलटतो जेव्हा बाकीचे दोघे १ असतात. म्हणजे टोफोलीसारखे गेट सहा सी-नॉट न जोडता एका स्पंदात मिळते. उलट बाकीच्यांकडे न पाहता एकच क्युबिट फिरवायचा, तर चारही कंप्रतांचे स्पंद द्यावे लागतात. जे इतर यंत्रांत सोपे ते इथे महाग, आणि जे तिथे महाग ते इथे सोपे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात तीन क्युबिटच्या या प्रोसेसरवर ग्रोव्हरच्या शोधपद्धतीसारखे अल्गोरिदम चालवून दाखवले आहेत.

सहा क्युबिटच्या प्रोसेसरमागे त्याच गटाची ‘रिंग रेझोनेटर’ ही दुसरी कल्पना आहे. चिपवर क्युबिट जाळीसारखे मांडले, तर प्रत्येकाचा थेट संबंध फक्त शेजाऱ्यांशी येतो. दूरच्या दोघांत सी-नॉट करायचा, तर स्वॅप करत करत त्यांना जवळ आणावे लागते. एक स्वॅप म्हणजे साधारण तीन सी-नॉट, म्हणजे चुकांना तेवढ्या जास्त जागा. कड्याच्या आकाराच्या रेझोनेटरभोवती क्युबिट जोडले, की शेजारी नसलेल्या क्युबिटमध्येही थेट गेट करता येते.

या प्रकल्पात क्युबिटची रचना आणि निर्मिती टीआयएफआरने केली, नियंत्रण आणि मापनाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने उभारली आणि क्लाउडवरून प्रोग्राम पाठवण्याची सोय टीसीएसने केली.

दोन नेहमीचे गैरसमज

पहिला: ‘क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो.’ सहा क्युबिटमध्ये ६४ अँप्लिट्यूड असतात हे खरे, पण मोजल्यावर हाती एकच उत्तर येते. चुकीच्या उत्तरांची अँप्लिट्यूड एकमेकांना खोडतील आणि बरोबर उत्तराचे वाढेल अशी गेटची रचना करावी लागते. अशी रचना काही मोजक्याच प्रकारच्या प्रश्नांसाठी माहीत आहे.

दुसरा: ‘एंटँगलमेंट असले की वेग आपोआप मिळतो.’ शून्यावस्थेतून सुरू करून एच, सी-नॉट आणि त्यांच्यासारखीच एस ही गेट वापरून हजारो क्युबिट गुंतवता येतात, तरीही शेवटच्या मापनासह ते सगळे गणित साधा संगणक सहज करून दाखवतो. हे गॉट्समन-निल प्रमेय सांगते. त्यापलीकडे जायला टी गेट किंवा टोफोलीसारखे आणखी एखादे गेट लागते. एंटँगलमेंट आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

बातमी वाचताना आणि शिकताना

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यानंतर ‘क्वांटम’ हा शब्द अभ्यासक्रमांच्या जाहिरातींत आणि कंपन्यांच्या दाव्यांत वारंवार दिसू लागला आहे. अशा वेळी नुसत्या क्युबिटच्या आकड्यावर न जाता तीन प्रश्न विचारावेत. दोन क्युबिटच्या गेटमध्ये चूक किती? कोणता क्युबिट कोणाशी थेट जोडलेला आहे? अवस्था बिघडण्याआधी लागोपाठ किती गेट लावता येतात? शंभर क्युबिट असूनही गेट वारंवार चुकत असतील, तर त्यातले बरेचसे कामाला येत नाहीत.

विषय शिकण्यासाठी अतिशीत यंत्राची गरज नाही. हिंगणा रस्त्यावरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला सहा क्युबिटचे ६४ आकडे स्वतःच्या लॅपटॉपवर मांडून प्रत्येक गेटनंतर काय बदलते ते पाहता येते. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी रुरकी आणि पुण्यात मुख्यालय असलेले सी-डॅक यांनी मिळून बनवलेला ‘क्यूसिम’ हा सिम्युलेटर २०२१ मध्ये याच हेतूने खुला झाला. आयबीएमने तर २०१६ पासून खरा क्वांटम प्रोसेसर इंटरनेटवरून वापरायला दिला आहे.

सुरुवात वर दिलेल्या दोन गेटपासूनच करावी: एच, मग सी-नॉट. सिम्युलेटरवर ०० आणि ११ एवढीच उत्तरे येतील. तोच प्रोग्राम खऱ्या यंत्रावर हजार वेळा चालवला, तर काही वेळा ०१ आणि १० सुद्धा दिसतील. ती त्या यंत्राची चूक, आणि तीच कमी करण्यासाठी कुलाब्यापासून जगभरच्या प्रयोगशाळा झटत आहेत.